पाठीमागून येणारा आवाज

आमच्या घरात आवाजाचा तुटवडा कधीच नव्हता. फ्रीज म्हाताऱ्या माणसासारखा झोपेत बोलतो, स्वयंपाकघरातला नळ शिंकतो, छताच्या पत्र्यावर मांजराएवढे पॉसम धावण्याच्या शर्यती लावतात. आणि या सगळ्यांवर कडी करायचं ते मागच्या दाराचं माश्या अडवणारं जाळीचं दार. त्याचं स्वतःचं एक गाणं होतं. उघडताना स्प्रिंग लांबलचक कण्हायची, मग दार धाडकन आपटायचं, आणि जरा थांबून, आपलं चुकलंच असं वाटल्यासारखं, एकदा हळूच पुन्हा चौकटीला टेकायचं. कीं...ईं...र्र. धाड. टप.

आमची टॅमझिन शाळेतून याच दाराने घरात यायची. मी पेपरातून डोकं वर न काढता विचारायचो, "टॅमझिन, तू का?" आणि उत्तर यायचं, "नाही, चोर." ती मेलबर्नला राहायला गेली त्याला कितीतरी हिवाळे झाले. तरी आमच्या गावच्या, बॅलरॅटच्या, वाऱ्याने दार हललं की माझ्या तोंडून "टॅमझिन..." एवढं सुटूनच जायचं, आणि माझी बायको मेरिन विणकाम न थांबवता म्हणायची, "वारा आहे. दक्षिणेचा."

तर आवाज मुबलक होते. नव्हता तो फक्त पाठीमागून येणारा आवाज, आणि तो आपल्याकडे नाही हे मला टॅमझिनच्या फोनवर कळलं.

टॅमझिन सिनेमांना आवाज लावते. म्हणजे पडद्यावर बाई चालते आणि तिचे बूट घालून टॅमझिन एका बंद खोलीत चालते. या धंद्यावर माणूस घर चालवू शकतो हे मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण आता एका अख्ख्या सिनेमाचा आवाज तिच्या एकटीच्या नावावर होता, आणि तो सिनेमा घरच्या टीव्हीवर इंटरनेटवरून दिसणार होता.

"शनिवारी संध्याकाळी येते," ती म्हणाली. "आपण तिघं मिळून बघू. रविवारी सकाळी मला सिडनीला पुढच्या कामावर जायचंय. त्याआधी मला तो तुमच्या शेजारी बसून ऐकायचाय. पण बाबा, टीव्हीच्या पोटातल्या स्पीकरवर बघणार असलास तर नको. माझं सगळं काम पाठीमागे आहे."

"पाठीमागे म्हणजे?"

"म्हणजे पडद्यावर दिसतच नाही ते. बघणाऱ्याच्या मागून येतं, डोक्यावरून जातं. एक जागा तर अशी आहे की..." ती थांबली. "जाऊ दे, सांगत नाही. तुमच्याकडे तशी सोय आहे ना?"

"आहे की," मी म्हणालो.

मी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली. 'आहे की' हा शब्द आमच्याकडे नळाला पाणी नसताना वापरत. मेरिनने सुया खाली ठेवल्या. "काय आहे आपल्याकडे?"

"शनिवारपर्यंत असेल."

दुकानात गेलो. विक्रेत्याने मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या डाव्या कानामागून एक विमान उडवून उजव्या कानाशी उतरवलं. मग किंमत सांगितली. मेरिन म्हणाली, "एवढ्यात खरी बोट येते, अल्विन. छोटी, पण खरी." आम्ही बाहेर आलो. त्या रात्री माझ्या ताटातलं तसंच राहिलं.

पण देव पाणी खात्याच्या माणसांना अगदीच विसरत नाही. आमच्या गावात वर्षातून एकदा मोठा कचरा टाकायचा आठवडा असतो. घरात नको असलेलं जे काही असेल ते घरापुढच्या गवताच्या पट्टीवर आणून ठेवायचं. नगरपालिकेची गाडी सवडीने येते. गाडीच्या आधी अख्खं गाव येतं. संध्याकाळच्या चहानंतर प्रतिष्ठित मंडळी हात पाठीमागे बांधून, जगात कशाचीच गरज नसल्यासारखी फिरायला निघतात आणि येताना दोघांत मिळून एक कपाट घेऊन येतात. नियम एकच: कुंपणाच्या आत ते मालकाचं, गवतावर ते कुणाचंच नाही. चर्चमधल्या आज्ञांबद्दल आमच्याकडे मतभेद आहेत, या नियमाबद्दल नाहीत. आणि तो आठवडा नेमका हाच होता.

मी हात पाठीमागे बांधले आणि निघालो. झोपलेल्या वासरासारखा जड एक ॲम्प्लिफायर मिळाला, आत मुंग्यांची भरलेली वसाहत. दोन उंच स्पीकर मिळाले, एकमेकांशी अजिबात नातं नसलेले. दोन बुटके मिळाले. त्यातल्या एकावर 'प्रार्थना चालू असताना हात लावू नये' अशी चिठ्ठी होती. एक लहानसा तर मला बघून स्वतःहून गडगडत आला, पण तो उताराचा रस्ता होता.

हे सगळं बैठकीच्या खोलीत मांडत होतो तेवढ्यात क्लॅरी आला. क्लॅरी आमच्या मागच्या कुंपणापलीकडे राहतो. कोंबड्या पाळतो आणि सल्ले देतो; दोन्हींचं उत्पादन रोजचं आहे.

"गड्या," तो म्हणाला, "स्पीकर काय, कुणीही लावील. आधी खोली तयार पाहिजे. आवाज भिंतीवर आपटतो आणि परत येतो. मग तुला कळणारच नाही की जातोय कोण आणि येतोय कोण."

"मग काय करायचं?"

"अंड्यांचे ट्रे. भिंतीभर. माझ्याकडे ढीग पडलाय."

दुसऱ्या दिवशी आमच्या भिंती अंड्यांच्या ट्रेंनी मढल्या. खोलीला कोंबड्यांचा मंद, कौटुंबिक वास येऊ लागला. मेरिन दारात उभी राहून बघत होती. लग्नाच्या वेळी तिने भल्याबुऱ्यात साथ देण्याची शपथ घेतली होती. हे त्यातलं कुठलं, याचा ती हिशेब करत असावी.

मग डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचा प्रश्न आला. त्यासाठी छताला स्पीकर हवा, आणि छत म्हटलं की नेरिडा. आमच्या एका आवारात सहा घरं आहेत, सहांची मिळून एक समिती आहे आणि नेरिडा तिची सचिव आहे. ती खुशीत असली की मला 'अल्विन' म्हणते. एरवी मी 'सहा नंबर' असतो.

"छताला भोक?" ती दारातूनच म्हणाली. "सहा नंबर, छताचा रंग तुमचा. रंगाच्या वर जे आहे ते सगळ्यांचं."

"फक्त एक खिळा, नेरिडा."

"खिळा किती लांब आहे, त्यावर आहे. रंगापुरता असेल तर ठोका."

रंगापुरता खिळा मला कुठल्याच दुकानात मिळाला नाही. अर्ज दिला असता तर तो पुढच्या बैठकीत आला असता आणि पुढची बैठक नोव्हेंबरात होती. शेवटी तो गडगडत आलेला लहान स्पीकर पुस्तकांच्या कपाटावर आभाळाकडे तोंड करून ठेवला आणि त्याच्या खाली माझे मोजे कोंबले. आवाज छताला लागून खाली येईल अशी कल्पना होती. आमचं छत उतरतं असल्यामुळे तो बहुधा थेट न्हाणीघरात जात होता.

सगळ्यात मोठा घाव मात्र माझ्या स्वतःच्या हाताने बसला. मागचा डावा स्पीकर, तो प्रार्थनेवाला, त्यात मुंग्या फार. म्हटलं जरा उन्हात ठेवू. बाहेर नेला, ठेवला आणि ब्रश आणायला आत गेलो. ब्रश घेऊन येतो तर ऊन होतं तिथेच, स्पीकर नव्हता.

मी तो गवतावर ठेवला होता! आयुष्य या गावात गेलं, आणि त्या आठवड्यात, त्या गवतावर! मी रस्ताभर लोकांच्या खिडक्यांतून डोकावत फिरलो. एका बाईने मला चहा विचारला, दुसरीने पोलिसांबद्दल विचारलं. शेवटी तो सापडला आमच्याच आवारात, दोन नंबरच्या घराच्या ओट्यावर. त्याच्यावर पार्सलीची कुंडी होती आणि तिथे राहणारी म्हातारी द्रागित्सा तिला झारीने पाणी घालत होती.

"द्रागित्सा, हा माझा स्पीकर!"

"गवतावर होता."

"मी ब्रश आणायला आत गेलो होतो!"

"मग ब्रश घेऊनच बाहेर यायचं." ती शांतपणे झारी रिकामी करत होती. "अल्विन बाळा, तू इथे जन्मलास. मी वीस वर्षांची पोरगी असताना बोटीने या देशात आले. नियम मला माहीत आणि तुला नाही?"

शेवटी शरण गेलो आणि खरं ते सांगितलं. पोरगी येतेय, तिचा सिनेमा आहे, तिचं सगळं काम पाठीमागे आहे आणि माझ्या पाठीमागे काही नाही. द्रागित्साने झारी खाली ठेवली. कुंडी उचलली. "घेऊन जा," ती म्हणाली. "पण शनिवारी मीसुद्धा येणार. सफरचंदाचा केक आणते." स्पीकर परत मिळाला. फक्त आता तो बोलण्याआधी गुळण्या करायचा.

"फ्रीज बंद कर," क्लॅरीचं चालूच होतं. "घड्याळ न्हाणीघरात ठेव. आणि ते मागचं दार! गड्या, त्या दारापुढे कुठला सिनेमा टिकणार? नेमकं हळवं काहीतरी चालू असेल आणि ते बोंबलेल."

तेही पटलं. भीतीत माणसाला सगळंच पटतं. मी गेलो आणि ॲल्युमिनियमचं, मऊ मिटणारं नवं जाळीचं दार घेऊन आलो. या सगळ्या आवाजाच्या खटाटोपात मी नवी म्हणून विकत आणलेली एकमेव वस्तू ती, आणि तिचा गुण हा की ती आवाज करत नाही. जुनं दार चौकटीसकट, स्प्रिंगसकट उखडून गवतावर नेऊन ठेवलं. मी पाठ वळवली तोवर क्लॅरीने ते उचललंही होतं.

"खुराड्याला हवंच होतं," तो कुंपणापलीकडून ओरडला. त्याचा सल्ला आणि त्याचं खुराडं यांचं काही साटंलोटं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

मेरिनने नवं दार उघडलं, सोडलं. ते श्वास सोडल्यासारखं मिटलं. "घर मुकं झालं रे," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

शुक्रवारी परीक्षा घेतली. माझ्याकडे आगगाड्यांची एक जुनी डिस्क होती. मेरिनला मधे बसवलं. इंजिन पुढून आलं, डोक्यावरून धडधडत गेलं आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात गुळण्या करत नाहीसं झालं. इंजिन लागेल म्हणून मेरिनने मान खाली घातली होती. मला कित्येक दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

शनिवारी टॅमझिन आली ती मला कळलीच नाही. वळून बघतो तर ती माझ्या मागे उभी.

"अगं! कधी आलीस?"

"आत्ताच, मागून." ती वळून दाराकडे बघत होती. "बाबा, दार..."

"नवीन! बघ कसं मऊ मिटतं."

"हं," ती म्हणाली. हा 'हं' मला आवडला नाही. मग तिने भिंती बघितल्या आणि हसली. "आई, आपण कोंबड्या झालोय का?" पण तिचा हात मानेवर होता. लहानपणी परीक्षेच्या दिवशी ती अशीच मान चोळायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घाबरलेला मी एकटाच नाही.

क्लॅरी आला, द्रागित्सा केक घेऊन आली, मेरिनने ओव्हनमधून मांसाचं सारण भरलेल्या गरम, छोट्या पेस्ट्र्या काढल्या. सगळे मागच्या खुर्च्यांवर, मी आणि टॅमझिन मधल्या कोचावर. सिनेमा सुरू झाला. पहिल्याच पाटीनंतर तिचं नाव आलं. मेरिनने नाक पुसलं.

पुढून संगीत आलं. मागून काही आलं नाही.

मला वाटलं अजून वेळ असेल. पडद्यावर पाऊस सुरू झाला. पाऊस पुढेच पडत होता, आम्ही कोरडे. मी सहज पाय मोकळे करतोय असं दाखवत उठलो आणि रांगत कोचामागे गेलो. तारा जागेवर. दिवे लागलेले. प्रार्थनेवाल्याला कान लावला, तर तो खरोखर प्रार्थनाच करत असावा.

"बाबा, काय करतोयस?"

"काही नाही. चष्मा."

"डोळ्यांवर आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन त्या सिनेमाच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. गोड आवाजाच्या बाईने बरीच वाट बघायला लावून सांगितलं, "सर, तुमची वर्गणी स्वस्तातली आहे. तिच्यात आवाज फक्त पुढून येतो."

"मग महागातली करा. आत्ता, या क्षणी."

"नक्की, सर. खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या मोबाइलवर एक आकडा गेलाय, तेवढा सांगा."

खातं मेरिनच्या बहिणीच्या, एलोवेनच्या नावावर होतं. पासवर्ड तिचा, बघणारे आम्ही. आमच्या देशात निम्मी नाती आता याच धाग्यावर टिकून आहेत. आणि एलोवेन त्या आठवड्यात नवरा आणि गाडीमागे ओढायचं घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, घेऊन नलारबोरचं माळरान ओलांडत होती. तिथे झाड नाही, वळण नाही, मोबाइलला रेंज कुठून असणार? तो आकडा कुठेतरी त्या उजाड रस्त्यावर तिला शोधत फिरत असणार.

मी परत येऊन बसलो. पडद्यावर एक म्हातारा टेबलाशी एकटा बसला होता, पुढ्यात कप. टॅमझिन ताठ झाली. तिचे डोळे पडद्यावर नव्हते, माझ्यावर होते. पुढच्या स्पीकरमधून, व्हायोलिनच्या खाली दबलेलं, डासासारखं काहीतरी कुणकुणलं. म्हाताऱ्याचा हात कपावर थांबला. का थांबला, कुणालाच कळलं नाही.

"छान आहे," क्लॅरी म्हणाला. "डास होता का तो?"

टॅमझिनने रिमोट घेतला आणि सिनेमा थांबवला. "ठीक आहे," ती हसत म्हणाली. ते हसू कुठलं हे मला आणि मेरिनला माहीत आहे; सहलीला पाऊस पडला की ती तसं हसायची.

"पोरी," मी म्हणालो, "मी खोटं बोललो. आपल्याकडे काही नव्हतं. हे सगळं रस्त्यावरचं आहे. आगगाडी गेली होती गं काल मागपर्यंत, शपथ. वर्गणी... तुझी मावशी माळरानावर आहे."

"असू दे, बाबा."

"काय होतं ते मागे?"

तिने रिमोट मांडीवर ठेवला. "आपलं दार," ती म्हणाली. "गेल्या नाताळात मी मागच्या ओट्यावर माइक धरून बसले होते ना?"

"मला वाटलं, तू मॅगपाय पक्ष्यांचं गाणं टिपतेयस."

"दार टिपत होते. सिनेमाभर तो म्हातारा मुलीची वाट बघतो. ती पडद्यावर कधीच दिसत नाही. फक्त हे एकदा वाजतं, त्याच्या मागे. दिग्दर्शकाने शंभर दारं ऐकवली मला. मी म्हटलं, माझ्याकडे आहे." तिने नव्या ॲल्युमिनियमकडे बघितलं. "जुनं कुठाय?"

सगळ्यांनी क्लॅरीकडे बघितलं. तो पेस्ट्री खात होता. उरलेली त्याने बशीत ठेवली.

"गवतावर होतं," तो पुटपुटला.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि नेरिडा आत आली, हातात कागद. "सहा नंबर! मागचं जाळीचं दार समाईक मालकीचं आहे. समितीला न विचारता बदललं. जुनं दार ताबडतोब हजर करा."

आयुष्यात पहिल्यांदा मला समितीला मिठी मारावीशी वाटली. "नेरिडा," मी म्हणालो, "एक हात लावा."

क्लॅरी आणि मी कुंपणापलीकडे गेलो. दार खुराड्यावरून काढताना कोंबड्यांनी आमच्या दोघांच्याही घराण्याचा उद्धार केला. जाळीत पिसं अडकली होती, खालच्या पट्टीला विष्ठा. चौकटीसकट ते आम्ही वाजतगाजत आणलं आणि कोचाच्या मागे उभं केलं. डाव्या बाजूने द्रागित्साने चौकट धरली, उजव्या बाजूने नेरिडाने, "हे मी समितीच्या वतीने धरतेय" असं बजावून. मूठ क्लॅरीकडे. टॅमझिनचं मान चोळणं थांबलं होतं. ती बाह्या सरसावून त्यांच्यासमोर उभी राहिली. माझी पोर तिच्या कामावर मी पहिल्यांदा बघत होतो.

"क्लॅरीकाका, मी बोट खाली केलं की उघडायचं. सावकाश. दमलेली मुलगी घरी आलीय. दप्तर जड आहे."

"कोंबडी नाही, मुलगी," क्लॅरी घोकत होता. "दप्तर जड."

"आणि सोडलं की सोडायचं. हाताने बंद नाही करायचं. ते त्याचं तेच करतं."

मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि एक हात कोचाच्या पाठीवरून मागे नेला. "पुढे बघ, बाबा. मागे अजिबात बघू नकोस."

सिनेमा मागे नेऊन पुन्हा लावला. म्हातारा टेबलाशी बसला. कप. खिडकीत संध्याकाळ. मला सगळं ठाऊक होतं. माझ्या मागे क्लॅरी उभा आहे, त्याच्या मिशीला पेस्ट्रीचा चुरा आहे, दाराला कोंबडीचं पीस आहे, नेरिडाच्या बगलेत मला द्यायची नोटीस आहे. एकेक गोष्ट ठाऊक होती.

टॅमझिनचं बोट खाली आलं.

कीं...ईं...र्र.

आणि माझ्या तोंडून, पडद्याकडे बघता बघता, कुणी विचारलेलं नसताना निघून गेलं, "टॅमझिन, तू का?"

धाड.

पडद्यावर म्हाताऱ्याचा हात कपावर थांबला होता. टॅमझिनचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि आवाज आला तो अगदी कानाशी, जरासा फाटलेला.

"नाही," ती म्हणाली. "चोर."

आणि आमच्या मागे दाराने, कुणी हात लावलेला नसताना, एकदा हळूच चौकटीला पाठ टेकली. टप.